मदत हवी आहे: सुपर मारिओमध्ये अकरा बाइट ठेवायला जागा कुठे शोधू?

नमस्कार मंडळी,

पोटापाण्यासाठी पायथन लिहितो, पण खाली प्रोसेसर नेमकं काय करतो ते कधी पाहिलं नव्हतं. म्हणून दोन महिन्यांपूर्वी १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स उघडला. ६५०२ जातीचा प्रोसेसर, २ किलोबाइट रॅम, सगळा कोड ३२ किलोबाइटमध्ये. एवढासा कोड एका माणसाला पूर्ण वाचता येईल असं वाटलं.

सुरुवात छान झाली. एफसीईयूएक्स या एम्युलेटरच्या (संगणकावर जुने खेळ चालवणारा प्रोग्रॅम) डीबगरमध्ये, म्हणजे चालू कोड थांबवून पाहायच्या साधनात, मारिओ मेला की कुठला बाइट घटतो ते शोधलं: $०७५ए ($ म्हणजे सोळाच्या पायावरचा आकडा). तिथे जिवांपेक्षा एक कमी आकडा असतो, म्हणजे ३ जिवांना २. सुरुवातीला २ हा आकडा घेणाऱ्या 'ए९ ०२' या सूचनेचं 'ए९ ०४' केलं आणि पाच जीव मिळाले. त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही.

आता अडचण. लहानपणी ३-१ या टप्प्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर कासवावर उड्या मारून जीव वाढवत बसायचो, तुमच्यापैकीही अनेकांनी ते केलं असेल. जीव सव्वाशेच्या पार गेले की पुढच्या मरणाला खेळच संपायचा. त्याचं कारण आत्ता कळलं. एक जीव वजा केल्यावर कोड बीपीएलने ('ऋण नसेल तर उडी मार' ही सूचना) चिन्ह तपासतो, आणि बाइटचा सर्वांत वरचा बिट १ असला की आकडा ऋण धरला जातो. मला जीव १९ वर अडवायचे आहेत, कारण त्यापुढे पडद्यावर मुकुटाशेजारी (दहाच्या जागी तो दिसतो) आकड्याऐवजी अक्षरं येतात.

जीव वाढवणारी सूचना (ईई ५ए ०७) मला दोन ठिकाणी सापडली: एक शंभर नाण्यांची, दुसरी '१अप' तरंगत वर जातं तिथली. जेएसआर (सबरुटीनकडे, म्हणजे कोडच्या वेगळ्या तुकड्याकडे, जाऊन परत येण्याची सूचना) हीही तीनच बाइटची, त्यामुळे जागच्या जागी बदलता येते. तिथून इकडे यायचं, जिवांचा बाइट वाचायचा, तो $१२ म्हणजे १८ किंवा जास्त असेल तर तसंच परतायचं, नाहीतर एक वाढवून परतायचं:

एलडीए $०७५ए
सीएमपी #$१२
बीसीएस परत
आयएनसी $०७५ए
परत: आरटीएस

एकूण ११ बाइट. दोन्हीकडे पुढची सूचना एलडीएच आहे, ती ए रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतली आकडा ठेवायची जागा) नवा आकडा भरते, म्हणून त्याची काळजी नाही. पण हा तुकडा ठेवू कुठे? सलग अकरा रिकामी घरं मला सापडली नाहीत.

आधी तो मध्येच घुसवून पाहिला. पडदा काळा. पुढचं सगळं अकरा घरं सरकलं, जेएमपी (परत न येणारी उडी) आणि जेएसआरमधले पत्ते मात्र जुनेच, आणि $एफएफएफए पासूनचे व्हेक्टरही (प्रोसेसरने सुरुवात वगैरे कुठून करायची ते पत्ते) जागेवरून हलले.

मग एका जेएसआरनंतर डिसअसेंबलरमध्ये (बाइटांच्या सूचना करून दाखवणारं साधन) निरर्थक सूचना दिसल्या. निकामी जागा समजून त्यावर लिहिलं, तर खेळ गोठला. दोन संध्याकाळी एकेक सूचना चालवत बसलो तेव्हा कळलं की ती पत्त्यांची सारणी होती! ते सबरुटीन परतीचा पत्ता स्टॅकवरून (असे पत्ते तात्पुरते रचून ठेवायची जागा) काढून घेतं, त्याच्या आधाराने सारणीतला हवा तो पत्ता वाचतं आणि तिकडे उडी मारतं. जेएसआरच्या पुढच्या घराकडे परत येतच नाही. इतक्या कमी जागेत कोणाला हे सुचलं, याचं मला अजून नवल वाटतं.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

जेएसआरच्या पाठोपाठ आरटीएस ('परत जा' ही सूचना) असेल तिथे नुसती जेएमपी लिहिली तर एकेक बाइट वाचतो. पण ज्या रुटीनच्या पोटात अशी सारणी आहे, तिच्याकडे जेएमपीने गेलं तर स्टॅकचा हिशेब बिघडेल का? कागदावर तरी माझा जुळतो आहे.

दुसरं म्हणजे, वाचलेले बाइट विखुरलेलेच राहणार. ते एकत्र आणायला लेबलांसकट (पत्त्यांऐवजी नावं) कोड पुन्हा असेंबल करावा लागेल, म्हणजे सूचनांपासून बाइट नव्याने बनवावे लागतील. जालावर या खेळाचा टिप्पण्यांसह उलगडलेला कोड आहे, पण आयतं उत्तर हाती आलं तर माझं शिकणं थांबेल या धास्तीने तो अजून उघडलेला नाही. आता उघडावा का? की मॅपर (कार्ट्रिजमधली मेमरी प्रोसेसरला जोडणारी यंत्रणा) बदलून रॉमच वाढवणं शिकण्याच्या दृष्टीने बरं?

रॉमचे दुवे कृपया देऊ नयेत, कार्ट्रिज माझ्याकडे आहे. कोणाला तपासायचं असेल तर माझे बदल आयपीएस पॅच (फक्त बदललेल्या बाइटांची फाइल) म्हणून देतो.