मुंगसाची गोष्ट बडोद्याच्या मुलांना वाचून दाखवावी का?

दांडियाबाजारवाली
श्रावणातल्या वाचनकट्ट्याला कोणत्या गोष्टी घ्यायच्या यावरून आमच्यात दोन तट पडलेत, म्हणून इथे मांडते. किपलिंगच्या १८९४च्या 'जंगल बुक'मधली 'रिक्की-टिक्की-टावी' घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: सुगौलीच्या छावणीतला इंग्रजांचा बंगला. पुरात वाहून आलेलं मुंगसाचं पिल्लू टेडी नावाच्या मुलाच्या घरी वाढतं. बागेतले नाग आणि नागैना या कुटुंबाला मारायचा बेत करतात. न्हाणीघरात मुंगूस नागाचं डोकं धरतं, टेडीचे वडील बंदूक झाडतात. मग मुंगूस खरबुजाच्या वाफ्यातली नागैनाची अंडी फोडतं आणि शेवटचं अंडं तोंडात धरून तिच्यासमोर जातं.

अडचण इथेच आहे. अंडी एकूण पंचवीस. आई समोर शेवटच्या अंड्यासाठी विनवते आहे, आणि मुलांनी टाळ्या वाजवायच्या! आपल्या नागपंचमीच्या कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराच्या फाळाने नागाची पिल्लं मरतात. नागीण त्याचं घरदार डसते आणि सासरी असलेल्या मुलीला डसायला निघते. तिथे मुलगी पाटावर नाग काढून दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवत असते, ते पाहून नागीण शांत होते आणि सगळ्यांना उठवते. दुःख तेच, पण आपल्या कहाणीत आईचा राग खरा मानलाय. विश्वामित्रीच्या काठच्या गावात मुलांनी हे आधी ऐकावं.

नदीपलीकडचा
ताई, मान्य नाही. गोष्टीत खलनायक आहे म्हणून मूल काठी घेऊन धावत नाही. पंचतंत्रातली ब्राह्मणाच्या घरची मुंगसाची गोष्ट तर आपण पिढ्यानपिढ्या सांगतो. बाळाला वाचवणाऱ्या मुंगसाचं तोंड रक्ताने माखलेलं दिसतं आणि आई त्यालाच मारून टाकते. ती सांगताना कुणी आक्षेप घेत नाही. मला तर किपलिंगचं मुंगूस जगतं याचंच अप्रूप वाटतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला भीतीशी झुंजून जिंकणारं कुणीतरी लागतं, आणि ते आकाराने लहान असेल तर जास्तच.

सर्पमित्र_वाघोडिया
मी साप पकडतो. मला गोष्टीतल्या हिंसेपेक्षा तिच्यातली माहिती सतावते. नाग-नागिणीचं जोडपं सूड उगवत नाही. समागम झाला की नर-मादी आपापल्या वाटेने जातात. आणि त्यात 'करैत' म्हणून जो मातकट, बारका साप उघड्यावर धुळीत पडलेला दाखवलाय, तो आपल्याकडच्या मण्यारीसारखा मुळीच नाही. मण्यार काळी चकचकीत, अंगावर पांढरे पट्टे, आणि हिंडते रात्री. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, दुखतही फारसं नाही, खूण धड दिसत नाही, आणि पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या मिटायला लागतात. ऑगस्ट २०२४च्या पुरात मगरी वस्तीत शिरल्याचं देशभर दिसलं, पण साप दरवर्षीच्या पावसात निघतात. मुलाला मण्यार ओळखता आली तर जीव वाचेल.

एक गोष्ट मात्र किपलिंगने बरोबर लिहिलीय. मुंगूस जडीबुटी खाऊन विष उतरवतं हा समज त्याने गोष्टीतच खोडलाय. सगळा खेळ नजरेच्या आणि पायांच्या चपळाईचा, असं तो सांगतो. आज त्यात एवढीच भर की मुंगसाच्या स्नायूंमध्ये विष जिथे चिकटतं त्या जागेची ठेवणच वेगळी असल्याने नागाचं विष तिथे नीट धरत नाही. तरी जबर दंश झाला तर तेही मरू शकतं.

आणि ताई, नाग दूध पीत नाही. पंचमीआधी गारुडी त्याला उपाशी-तहानलेला ठेवतात, म्हणून तो नाइलाजाने तोंड लावतो. कहाणी सांगणार असाल तर हेही सांगा.

दांडियाबाजारवाली
दादा, सांगेन, अगदी जरूर सांगेन. कहाणीत पाटावर काढलेला नाग आहे, टोपलीतला नाही, हेही सांगेन.

शाळेतल्या_बाई
मी ही गोष्ट चौथीला वाचून दाखवते, नाटुकलंही बसवलं. मुलं टाळ्या वाजवतील ही ताईंची भीती मला पटत नाही. नागैनाच्या कामासाठी तिघीचौघी हटून बसल्या होत्या, आणि जिला ते मिळालं तिने अंड्यासाठीची विनवणी अशी केली की रिक्की झालेला मुलगा अंडं परत द्यायला निघाला! शिंपी पक्ष्याची बायको पंख मोडल्याचं सोंग करून नागैनाला लांब नेते, तेही मुलांना रिक्कीच्या झेपेइतकंच आवडतं. मूल गोष्टीत एकाच बाजूला उभं राहत नाही. गाळायचं, झाकायचं हे आपण मोठी माणसं ठरवतो.

नदीपलीकडचा
हेच म्हणतोय. दोन्ही घ्या, पण आधी मुंगूस आणि मग कहाणी. कहाणी आधी सांगितलीत तर सगळी मुलं नागैनाच्या बाजूची होऊन ऐकतील, रिक्कीला लढूच देणार नाहीत.

दांडियाबाजारवाली
त्या बाजूने ऐकली तर मला हवंच आहे. वाचायची असेल तर कहाणी आधी, आणि शेवटी सर्पमित्रदादांनी मण्यारीचं चित्र घेऊन यायचं. या क्रमावर मी अडून आहे.