काच गोठते, थिजते की आळते? ग्लास ट्रान्झिशनला मराठीत काय म्हणायचं?

घाटमाथा
नमस्कार मंडळी, एका शालेय विज्ञान मासिकासाठी लेख मराठीत आणतेय आणि एका वाक्यावर दोन दिवस अडकलेय. विषय फायबर ऑप्टिक सेन्सिंग. म्हणजे इंटरनेटसाठी जमिनीत पुरलेली केबल असते ना, तिच्यातल्या काचेच्या तंतूत (आतला गाभा जेमतेम ९ मायक्रॉन) एका टोकाने लेझरचे झटके सोडायचे आणि परत येणारा अगदी क्षीण उजेड मोजायचा, की जमीन कुठे हादरली ते कळतं, भूकंपसुद्धा टिपता येतो. आता उजेड परत का येतो, तर काचेत घनतेचे बारीक चढउतार असतात, वितळलेली काच घट्ट होताना ते तसेच आत अडकून राहिलेले. वितळलेली काच अशी गार होत घट्ट होते त्याला इंग्रजीत ग्लास ट्रान्झिशन म्हणतात, म्हणून मी लिहिलं 'काच-संक्रमणाच्या वेळी गोठलेले चढउतार'. आईला वाचून दाखवलं तर म्हणे काचेला कसला संसर्ग झाला? आणि नवरा केमिस्ट्रीवाला, तो म्हणतो काच गोठत नाहीच. काय लिहू?

पाटीपेन्सिल
संक्रमण अजिबात सोडू नका. मकरसंक्रमण काय रोगाचं असतं का? आमच्या लहानपणी रोगाला संसर्ग, साथ, लागण एवढेच शब्द होते, करोनात हिंदी बातम्यांवरून 'संक्रमित' आलं आणि आपण आपला चांगला शब्द त्यांना देऊन बसलो.

रवाळ
पण मुलं आजची आहेत, त्यांच्या कानावर तोच अर्थ आहे. 'स्थित्यंतर' करा. मिस्टरांचं मात्र बरोबर आहे. पाणी ० अंशाला गोठतं म्हणजे रेणू रांगेत बसतात, स्फटिक होतो, तापमान ठरलेलं. काचेत रांग लागतच नाही. द्रव दाट होत जातो आणि एका टप्प्यावर अणूंना हलायला फुरसतच मिळत नाही, आणि तो टप्पा पक्का नसतो, सावकाश गार केलं तर खाली सरकतो. खिडकीच्या काचेचा साधारण ५५० अंश, फायबरमधल्या सिलिका नावाच्या शुद्ध काचेचा १२०० च्या आसपास. म्हणून गोठणे नको, थिजणे घ्या.

सांडगेवाली
थिजणे कसं चालेल हो? तूप थिजतं तेव्हा रवा धरतं आणि रवा म्हणजे स्फटिकच की, तुमचं नावच रवाळ आहे! माझ्या मते शब्द आपल्या स्वयंपाकघरात आहे, आळणे. पिठलं आळतं, खीर आळते. कुठल्या क्षणी आळलं ते सांगता येत नाही, दाट दाट होत जातं. रवाळ यांनी वर वर्णन केलं ते आळण्याचंच.

पाटीपेन्सिल
आळणे म्हणजे पाणी आटून दाट होणे. काचेतून काय आटतं?

सांडगेवाली
नाही, आटणे वेगळं. दूध आटवतात, पिठलं आळतं. गॅस बंद करून पिठलं ताटात वाढलं की तिथेच आळतं, तेव्हा पाणी कुठे गेलं? आजी जेवायला बोलावताना म्हणायचीच, लवकर या पिठलं आळेल.

रवाळ
हे पटलं. फक्त पिठलं कितीही आळलं तरी बोट आत जातं, काचेत जात नाही.

आडवाटेने
साखरेच्या पाकाचं उदाहरण द्या ना लेखात. कडक पाक ताटात ओतून पटकन गार केला की पारदर्शक कडक गोळी, ती शास्त्राच्या भाषेतसुद्धा काचच. साखरेचाच पातळ पाक दोरा सोडून दिवसेंदिवस राहू दिला की खडीसाखर, तो स्फटिक. लिंबू पिळतात तेही साखर पुन्हा दाणे धरू नये म्हणून. आणि चिक्की पावसाळ्यात सर्दावते ना, ते ग्लास ट्रान्झिशन उलट्या बाजूने! कोरड्या साखरेला त्यासाठी ६०-७० अंशांपर्यंत तापवावं लागतं, हवेतला ओलावा आत शिरला की तो आकडा इतका उतरतो की घरातल्या हवेतच चिक्की मऊ आणि चिकट. 'सर्दावणे' इतका नेमका शब्द कुठल्या भाषेत असेल मला माहीत नाही.

घाटमाथा
सर्दावणे!! हे मी नक्की घेणार. पण गार होतानासाठी शब्द अजून हवाच आहे.

बोरूबहाद्दर
एवढी शोधाशोध कशाला, ग्लास ट्रान्झिशन लिहा, मुलांना पुढे इंग्रजीतच शिकायचंय. सेन्सरला 'संवेदक' तरी कोण म्हणतं.

सांडगेवाली
इंग्रजीत तरी शब्द आयते कुठे होते? 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ केलं १९६० साली एका लेखातून, पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञ नरिंदर सिंग कपानींनी. फायबर म्हणजे धागा, रोजचाच शब्द त्यांनी उचलला. आपण आळणे उचललं तर काय बिघडलं?

रवाळ
शिवाय 'ग्लास' शब्दही काचेपुरता राहिलेला नाही. २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं त्या इटलीच्या जॉर्जिओ पारिसींचं गाजलेलं काम स्पिन ग्लासवर, त्यात काच नसतेच, धातूत विखुरलेल्या चुंबकी अणूंच्या दिशांचा गोंधळ तसाच अडकलेला असतो. त्याला मराठीत काय म्हणणार?

पाटीपेन्सिल
काच शब्द निघालाच आहे तर, संस्कृतात तो पुल्लिंगी, 'काचः काचो मणिर्मणिः'. मराठीत ती काच. आणि 'तो काच' म्हणजे जाच. नाडी काचते त्यातला काच हाच असावा असं मला फार वर्षं वाटतंय, काचेची धार कातडीला लागते म्हणून.

आडवाटेने
मग काचबिंदू? आयुर्वेदात काच नावाचा डोळ्याचा रोगच आहे, तिथे धारेचा काय संबंध?

पाटीपेन्सिल
तो वेगळा धागा काढू, पण काचणे मी सोडणार नाही.

घाटमाथा
लेख उद्या द्यायचाय. सध्या लिहिलंय 'काच आळत आळत घट्ट झाली तेव्हा आत अडकून राहिलेले चढउतार'. आईला कळलं. नवरा अजून विचार करतोय.

सांडगेवाली
छान वाचतंय. एक विचारू, केबल ताणली जाऊन आतल्या तंतूला तडा गेला तर काय लिहिलंय? बांगडीला तडा गेला की आम्ही 'पिचली' म्हणतो, फुटली कधीच म्हणत नाही.

बोरूबहाद्दर
आमच्याकडे पिचणे बांबूला. बांगडी वाढवतात.

सांडगेवाली
वाढवतात ती मुद्दाम उतरवताना किंवा फुटल्यावर. पिचलेली अजून हातात असते.