ड्रॅग कार स्वतः बनवावी की तयार घ्यावी?

पाव_मैल:
ड्रॅग रेसिंगसाठी, म्हणजे थांबलेल्या स्थितीतून सरळ पाव मैल पळवायला, गाडी हवी आहे. सध्या लक्ष्य १०.५ सेकंद, पुढे जमलं तर ९ च्या घरात. मिग वेल्डिंग येतं, इंजिन खोलून जोडता येतं. गिअरबॉक्समध्ये हात घातलेला नाही. रिअर-व्हील ड्राइव्हची एक रिकामी बॉडी हाताशी आहे, ड्रायव्हरसकट तयार गाडी साधारण १,३६० किलोची होईल. तिच्यावर काम सुरू करावं की कुणीतरी पळवलेली गाडी घ्यावी? घेतली तर नेमकं काय तपासायचं?

वेल्डबीड:
आधी १०.५ आणि ९ यांतलं एक पक्कं करा. या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संस्था) नियमांत ११.४९ ते १०.०० सेकंदांपर्यंत सर्वसाधारणपणे रोल बारवर (ड्रायव्हरच्या मागची संरक्षक नळ्यांची चौकट) भागतं. ९.९९ किंवा त्याखाली गेलात, किंवा वेग ताशी १३५ मैलांवर पोचला, की पूर्ण रोल केज (ड्रायव्हरभोवतीचा नळ्यांचा पिंजरा) आणि चासीचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं, सर्टिफिकेट लागतं, तेही दर तीन वर्षांनी नव्याने. १५० मैलांपासून पॅराशूट. इथे बऱ्याच जणांची फसगत होते: आज १०.५ साठी बार बसवायचा आणि उद्या त्यालाच नळ्या जोडून केज करायचा, असा बेत असतो. पण मुख्य हूप, म्हणजे ड्रायव्हरच्या मागची कमान, हेल्मेटच्या सहा इंचांच्या आत आणि किमान तीन इंच वर असावा लागतो. नंतर सीट मागे किंवा खाली सरकवलीत की ते माप बिघडतं आणि हूप कापावा लागतो. म्हणून सीट आधी कायमची बसवा, मगच नळी वाकवा.

ताकदीचा अंदाज: वजन (किलो) भागिले हॉर्सपॉवर, त्याचं घनमूळ, गुणिले ७.५८, की पाव मैलाचे सेकंद येतात. १,३६० किलोला १०.५ साठी सुमारे ५१० एचपी लागतात, ९.९ साठी सुमारे ६१०. पकड चांगली मिळाली तरचे हे आकडे आहेत.

केजसाठी १ ५/८ इंची नळी धरा, भिंत माइल्ड स्टीलला ०.११८ इंच, क्रोमोलीला (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं मिश्र पोलाद) ०.०८३. क्रोमोली एक चतुर्थांशाहून जास्त हलकी पडते, पण तिला टिग (टंगस्टन इलेक्ट्रोडचा) वेल्डच लागतो, मिग चालत नाही. तुम्ही माइल्ड स्टील घ्या. जाडी एक माप वरची घ्या, कारण वाकवताना बाहेरची बाजू पातळ होते आणि जाडी यंत्राने मोजतात. वेल्ड ग्राइंडरने घासून गुळगुळीत करू नका. घासलेला वेल्ड तपासणीत नापास होतो.

कोल्ड_लॅश:
माझं मत स्पष्ट आहे: पहिली गाडी तयार घ्या. सुटे भाग वेगवेगळे घेऊन गाडी जोडली तर पूर्ण गाडीच्या भावापेक्षा हमखास जास्त पैसे जातात. आणि हिशेब इंजिनमुळे कमी, फिटिंग, होज, वायरिंग, बोल्ट, गॅस्केट यांमुळे जास्त चुकतो.

तपासणी टाइमस्लिपपासून (ट्रॅकवर मिळणारी वेळांची छापील चिठ्ठी) सुरू करा. एक भारी स्लिप पाहून भुलू नका, एकाच दिवसाच्या चार-पाच मागा. १०.५ च्या गाडीला पहिल्या ६० फुटांना १.४५ च्या आसपास वेळ हवा. अर्ध्या अंतराच्या वेळेला १.५७ ने गुणलं की पूर्ण वेळ जवळपास यायला हवी. गुणोत्तर १.६० च्या वर असेल तर ड्रायव्हरने पाय तरी उचललाय, नाहीतर पुढच्या अर्ध्यात इंजिन दम तोडतंय. अशा वेळी इंधनाचा दाब आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग आधी पाहा.

मग लीकडाउन (सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून किती टक्के गळते ते पाहणं), इंजिन गरम असताना. आठही सिलिंडर दहा टक्क्यांच्या आत आणि एकमेकांच्या जवळ हवेत. एकच वीसवर असेल तर कान लावा: हवा एक्झॉस्टमधून येते का, इनटेकमधून, ब्रीदरमधून (म्हणजे रिंगा), की रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात. ऑइल फिल्टर कापून कागद उलगडा. तांब्याच्या रंगाची चमक म्हणजे बेअरिंगचा वरचा थर गेला. गिअरबॉक्सच्या तेलाला जळका वास असेल तर क्लच प्लेटांचा खर्च धरूनच भाव करा. अ‍ॅक्सल बाहेर काढून स्प्लाइन, म्हणजे टोकाचे दात, पाहा. दात पिळलेले दिसले तर तो अ‍ॅक्सल बाद.

केजच्या जोडांवर, विशेषतः मागच्या सस्पेन्शनच्या ब्रॅकेटांपाशी, रंग काढून डाय पेनिट्रंट (भेगेत शिरून ती उठून दाखवणारं रंगीत द्रव) मारा. रंगाखालची भेग नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सीटबेल्टवरची तारीखही वाचा. ते दोन वर्षांनी बदलावे लागतात आणि विकणारा त्याबद्दल आपणहून बोलत नाही.

चौथा_लिंक:
तयार गाडीच्या बाजूने वर लिहिलंय ते बरोबर आहे, पण बनवलेल्या गाडीतला प्रत्येक बोल्ट तुम्हाला माहीत असतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. बनवायचीच असेल तर इंजिन सगळ्यात शेवटी घ्या. लोक उलट करतात: इंजिन वर्षभर कोपऱ्यात पडून राहतं, सिलिंडरला गंज चढतो, काही व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत बसून राहतात. क्रम असा ठेवा: सीट, केज, मागचा अ‍ॅक्सल आणि सस्पेन्शन, ब्रेक, इंधनाची लाइन, वायरिंग. त्यानंतर इंजिन.

पाव_मैल:
धन्यवाद. ९ चा विचार सध्या सोडला. सर्टिफिकेट चालू असलेला रोलर मिळतोय: इंजिन-गिअरबॉक्स नाही, मागे २८ इंची स्लिक (नक्षी नसलेले रेसिंग टायर) आणि मागच्या अ‍ॅक्सलला ४.५६ चा गिअर रेशो. त्यात माझं ६,५०० आरपीएमचं इंजिन बसवलं तर?

कोल्ड_लॅश:
रोलर हा तुमच्यासाठी चांगला मधला मार्ग आहे. केज आणि सस्पेन्शनचं अवघड काम झालेलं मिळतं आणि इंजिन तुम्ही करू शकता. रेशो मात्र जुळत नाही. वेग गुणिले रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास: १३० मैलांना ७,११४ आरपीएम, त्यावर कन्व्हर्टरची (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि इंजिन यांमधला द्रवावर चालणारा जोड) घसर पाच टक्के धरली तर जवळपास ७,४७०. शेवटच्या रेषेच्या खूप आधी तुमचं इंजिन संपेल. ४.०० च्या आसपासचा गिअर घाला. कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क कर्व्ह सांगूनच बनवून घ्या, जुना मिळाला म्हणून बसवू नका.

वेल्डबीड:
पैसे देण्याआधी टेप काढा. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या केंद्रांमधलं अंतर दोन्ही बाजूंना मोजा, मग कर्णही मोजा. कर्णांत पाव इंचाहून जास्त फरक आला तर अ‍ॅक्सल वाकडा बसलाय की चासीच वाकलीय, हे कळल्याशिवाय सौदा करू नका. सर्टिफिकेटच्या स्टिकरवरचा क्रमांक कागदाशी ताडून पाहा, आणि स्टिकरनंतर नळीला नवा वेल्ड झाला असेल तर पुन्हा तपासणी लागेल असं धरून चाला.