दूध प्यालं की पोट गुडगुडतंय, ताकानं मात्र काहीच नाही, असं कसं?

खानापूरवाला: नमस्कार मंडळी, वय चाळीशीपार. सकाळी म्हशीचं दूध पेलाभर घेतलं की तासा-दोन तासात पोटात गुडगुड, गॅस, कधी तर संडासला पळायची पाळी. चहानं काही होत नाही, ताक तांब्याभर प्यालं तरी पोट गार. परवा पाहुण्यांनी बेळगावहून कुंदा आणला, जरा जास्त हाणला तर रात्रभर तेच. आई म्हणते म्हशीचं जड, गाईचं लाव. पण लहानपणी धारोष्ण प्यायचो की ओ, तेव्हा कसं पचायचं?

निपाणीकर: माझंपण सेम. मी जेवणाबरोबर अर्धा कप घेतो, चालतंय.

चिकोडीची लॅबवाली: गाय-म्हैस बदलून फरक पडत नाही, लॅक्टोज नावाची साखर दोन्हीत जवळपास तेवढीच, १०० मिलीला ५ ग्रॅमच्या आसपास. ती पचायला लहान आतड्याच्या अस्तरात लॅक्टेज हे एन्झाइम लागतं, ते तिचं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज करतं मगच ती रक्तात जाते. बाळांत ते भरपूर, पुढं वयाबरोबर बऱ्याच जणांत कमी होतं, म्हणून तुमचं असं, याला रोग म्हणायचं कारण नाही. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते म्हणून पातळ होतं, आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू तिला आंबवतात, त्यातनं हायड्रोजन वगैरे गॅस, हीच तुमची गुडगुड. त्यातला थोडा हायड्रोजन श्वासातनं बाहेर येतो, लॅक्टोज पचतं का बघायच्या ब्रेथ टेस्टमध्ये तोच मोजतात.
विरजणातले जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात, वर त्यांचं स्वतःचं एन्झाइम आतड्यात गेल्यावरपण काम करतं. ताकात परत पाणी घातलेलं. चहात दूध असतंय किती! कुंद्याचं उलटं, दूध आटवताना पाणी उडालं, लॅक्टोज सगळं कढईतच, म्हणजे वाटीभर कुंद्यात किती दूध गेलं बघा.
निपाणीकर म्हणतात ते बरोबर, जेवणाबरोबर घेतलं की पोटातनं हळू पुढं सरकतं. बरेच जण एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारसा त्रास न होता पचवतात, म्हणजे साधारण एक पेला दूध, रिकाम्या पोटी मात्र तेवढंपण जड जाऊ शकतं.

शहापूरची काकू: मग कॅल्शियमचं काय रे बाबा, गुडघे आधीच बोलायलेत.

चिकोडीची लॅबवाली: काकू, दही-ताक आहेच. आणि नाचणा! १०० ग्रॅम पिठात ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दुधात तेवढ्यालाच १२० धरा. नाचण्यातलं सगळं अंगी लागत नाही, धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य ते अडवतं, पण मोड आणून किंवा आंबवून हे फायटेट कमी होतं. आंबील करा, वरनं ताक.
आणि खानापूरवाले, शौचात रक्त, वजन उतरणं, ताप असलं काही असेल तर इथं विचारत बसू नका, डॉक्टर गाठा. मोठ्या जुलाबानंतरपण काही दिवस दूध पचत नाही, ते आपोआप सुधारतं.

खानापूरवाला: तसलं काही नाही. मग पेढापण गेला म्हणायचा?

चिकोडीची लॅबवाली: खव्याचाच की तो. एखादा खा, जेवल्यावर. तुपाला भिऊ नका, त्यात लॅक्टोज नावालाच.