कोव्हिशील्डचं तंत्र एचआयव्हीला का पुरलं नाही

"कोव्हिशील्ड अ‍ॅडिनोव्हायरसवर बनली, मग एचआयव्हीची लस तशीच का करत नाहीत?" हा प्रश्न रास्त आहे, पण तो प्रयोग कोव्हिडच्या कितीतरी आधी होऊन गेलाय. मर्क या औषध कंपनीच्या लशीत अ‍ॅडिनोव्हायरस-५ या सर्दीच्या विषाणूला वाहक बनवून त्यात एचआयव्हीची गॅग, पोल आणि नेफ ही जनुकं घातली होती. भिस्त प्रतिपिंडांवर नव्हतीच. बाधित पेशी मारणाऱ्या टी-पेशी तयार करायच्या होत्या. त्या झाल्याही! तरी सप्टेंबर २००७ मध्ये 'स्टेप' चाचणीत लस देणं थांबवावं लागलं. संसर्ग टळला नाही, लागण झालेल्यांच्या रक्तातला विषाणूही घटला नाही. उलट सुंता न झालेल्या आणि या अ‍ॅडिनोव्हायरसची प्रतिपिंडं आधीच अंगात असलेल्या पुरुषांत लस घेतलेल्यांनाच जास्त लागण झाली. स्वयंसेवकांना हे सांगावं लागलं, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

आपल्याकडेही २००५ मध्ये पुण्याच्या 'नारी'त (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत) एएव्ही या दुसऱ्या एका विषाणूला वाहक केलेल्या लशीची पहिल्या टप्प्यातली चाचणी झाली. प्रतिसाद क्षीणच निघाला.

म्हणून टी-पेशींचा नाद सोडावा का? मुळीच नाही. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये संशोधक लुई पिकर यांच्या गटाने सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू वाहक म्हणून वापरला. तो शरीरात कायम राहतो, त्यामुळे टी-पेशी ऊतींमध्ये सतत सज्ज राहतात. एसआयव्हीची (माकडांमधल्या एचआयव्हीसारख्या विषाणूची) लागण झालेल्या लसवंत माकडांपैकी निम्म्यांच्या आसपास माकडांनी विषाणू आटोक्यात आणला आणि पुढे त्यांच्या शरीरात तो सापडेनासा झाला. मला आशा वाटते ती इथेच.