घरातल्या गणपतीचे फोटो फ्लॅशशिवाय काढायचे आहेत: ३५ घेऊ की ५०?

चाळकरीण:

नमस्कार मंडळी. गिरगावात चाळीत आमची डबल रूम आहे. गणपती बसतो तो बाहेरच्या खोलीत. खोली १० बाय १२ फूट, त्यातले दोन-अडीच फूट मखर आणि टेबलात जातात. आरतीला घरचे-शेजारचे मिळून वीस-बावीस माणसं, निम्मी बाहेर गॅलरीत. चाळ पुनर्विकासाला गेली आहे, दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. या खोलीतला हा शेवटचा गणपती, म्हणून फोटो नीट हवे आहेत.

कॅमेरा निकॉन डी३५००, सोबत मिळालेली १८-५५ मिमीची झूम लेन्स. गेल्या वर्षीचे फोटो काल परत पाहिले. मूर्ती बरी आली आहे, पण माणसं सगळी पुसल्यासारखी. धाकटे दीर झांजा वाजवतात, त्यांच्या मनगटापुढे नुसता धूर दिसतो. त्या फोटोची माहिती अशी: ५५ मिमी, एफ ५.६ (लेन्सचं तोंड; आकडा लहान तितका उजेड जास्त), शटर १/१५ सेकंद, आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) ६४००. तरीही काळपट.

फ्लॅश वापरणार नाही. आजेसासूबाई ८८ वर्षांच्या आहेत. फ्लॅश उडाला की डोळे गच्च मिटतात आणि मग आरती संपेपर्यंत मान वर करत नाहीत. शिवाय निरांजन ओवाळताना त्यांच्या चेहऱ्यावर जो पिवळा उजेड येतो, मला तोच हवा आहे.

३५ मिमी एफ १.८ की ५० मिमी एफ १.८? जो तो ५०चं नाव घेतो. घर हलवायचा खर्च समोर असल्याने वापरलेली लेन्सही चालेल.

तिसरी घंटा:

ताई, ३५ घ्या. मी नाटकांच्या रंगीत तालमींचे फोटो काढतो. शिवाजी मंदिर, साहित्य संघ, यशवंत नाट्यमंदिर, सगळीकडे माझ्या कॅमेऱ्यावर ५०च असते. तरी तुम्हाला ती सांगणार नाही, कारण रंगमंचासमोर मला वीस फूट मागे सरता येतं. तुम्हाला नाही.

साधा हिशेब आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद आहे. त्याला लेन्सच्या मिलिमीटरने भागा आणि समोरच्या माणसापर्यंतच्या अंतराने गुणा, म्हणजे चौकटीत किती रुंदी बसेल ते कळतं. उंबरठ्यावर उभं राहून मखर नऊ फुटांवर धरलं तर ३५मध्ये सहा फूट मावतात: मखर, ओवाळणारी व्यक्ती आणि बाजूचं एखादं माणूस. ५०मध्ये जेमतेम सव्वाचार फूट. मूर्ती आली तर ओवाळणारा हात कापला जाणार. मी स्वतः आधी ५० घेतली होती. आमच्या परळच्या खोलीत आईचा फोटो काढायचा तर पाठ कपाटाला टेकायची, आणि यायचा फक्त चेहरा. खोली यायचीच नाही. तुम्हाला तर खोलीही हवी आहे.

विकत घेण्याआधी हे करून बघा. १८-५५ची रिंग ३५वर आणा, सेलोटेपने चिकटवून टाका आणि एक अख्खी संध्याकाळ तसेच फोटो काढा. मग दुसऱ्या दिवशी ५०वर. कुठे अडकायला होतं ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

आता उजेडाचं. एफ ५.६वरून एफ २वर आलात की आठपट उजेड आत येतो. म्हणजे गेल्या वर्षीचा १/१५ यंदा १/१२० होऊ शकतो. आयएसओ मात्र ६४००च राहील, त्यामुळे लेन्स आली की फोटो एकदम स्वच्छ होतील असं धरून चालू नका. फोटोत बारीक दाणे दिसतील, दिसू देत. हात हलला तर तो फोटो पुन्हा मिळत नाही, दाण्यांचं नंतरही काही करता येतं. फोटो रॉमध्ये काढा, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये.

शटर १/१००वर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. त्याहून वेगवान शटर ठेवलं की ट्यूब आणि स्वस्तातल्या एलईडी माळांमुळे फोटोवर आडवे काळपट पट्टे येतात. मी एका एकांकिकेचे ४० फोटो असे घालवले आहेत, घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिले तेव्हा कळलं. १/१००ला झांजा थोड्या हलतील, चेहरे येतील.

एफ १.८ मिळतंय म्हणून कायम १.८वर ठेवू नका. ३५ने पाच फुटांवर १.८ला जेमतेम पाच-साडेपाच इंच खोली फोकसमध्ये राहते. आजींच्या डोळ्यांवर फोकस असेल तर पुढे धरलेलं निरांजन धूसर होईल. २.८ला साधारण एक वीत मिळते. एकटा चेहरा २ला, दोघं-तिघं असतील तर २.८ला. फोकससाठी मधलाच बिंदू वापरा. तुमच्या कॅमेऱ्यातल्या ११ बिंदूंपैकी तोच अंधारात सगळ्यात भरवशाचा. फोकसला मदत करणारा पुढचा छोटा दिवा मेन्यूत जाऊन बंद करा, नाहीतर आजी त्यालाही दचकतील.

आणि बल्बकडे बघा. खोलीत एक ट्यूब आणि एक पिवळा बल्ब असेल तर आरतीपुरती ट्यूब बंद करा आणि पिवळे बल्ब एकाचे दोन करा. दुसऱ्याचं तोंड पोटमाळ्याच्या किंवा छताच्या पांढऱ्या भागाकडे वळवा. उजेड मऊ पसरतो, आजींच्या डोळ्यांवर येत नाही, आणि चेहरे अर्धे हिरवट अर्धे पिवळे दिसत नाहीत. बल्ब दोन झाले म्हणजे एका बल्बापेक्षा आयएसओ थोडा कमी ठेवता येईल.

सतरापन्नास:

माझं मत वेगळं आहे. इतक्या लहान जागेत एकच मापाची लेन्स म्हणजे अडचण. टॅमरॉनची १७-५० एफ २.८ वापरलेली बघा. खोली, चेहरा, मूर्ती सगळं एकातच, आणि गर्दीत लेन्स बदलायला नको. फक्त आत फोकसची मोटर असलेलीच घ्या, तिची जुनी आवृत्ती या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस करत नाही.

तिसरी घंटा:

लेन्स चांगली आहे, मी वापरली आहे. पण २.८ला १.८च्या निम्म्याहूनही कमी उजेड मिळतो, आणि यांचा कॅमेरा गेल्या वर्षीच ६४००ला टेकला होता. रुंद फोटोसाठी यांच्याकडे १८-५५ आहेच. तो फोटो मंत्रपुष्पांजलीला काढा ताई. तेव्हा सगळे हातात फुलं घेऊन स्तब्ध उभे असतात. १८ मिमी, एफ ३.५, १/३०, व्हीआर चालू. व्हीआर फक्त तुमच्या हाताची थरथर सांभाळते, समोरच्याची हालचाल नाही. म्हणून ती आरतीत उपयोगी पडत नाही आणि मंत्रपुष्पांजलीत पडते.

बोरा बाजार:

वापरलेली घेणार आहात तर दोन गोष्टी.

पहिली, मोटर. डी३५००च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं हवं. फोर्टमधल्या एका दुकानात मला ५० एफ १.८ डी दिली, 'सगळ्या निकॉनला चालते' म्हणून. बसली, पण फोकस हाताने करावा लागायचा, आणि परत घेईनात. तुम्हाला हवी ती एएफ-एस डीएक्स ३५ एफ १.८ जी, नावातलं शेवटचं अक्षर जी.

दुसरी, बुरशी. मुंबईत चार महिने कपाटात राहिलेल्या लेन्समध्ये ती बऱ्याचदा धरते. दुकानात मोबाइलचा टॉर्च मागून लावा. या लेन्सची उजेड कमी-जास्त करणारी आतली पाती, लेन्स कॅमेऱ्यातून काढल्यावर मिटलेली असतात, म्हणून मागची छोटी पत्र्याची दांडी बोटाने सरकवून धरा आणि मग पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे कडेला दिसले तर कितीही स्वस्त असली तरी ठेवून द्या. धुळीचे दोन-चार कण चालतात. दांडी सोडली की पाती झटकन मिटली पाहिजेत. रेंगाळली तर तेल उतरलंय.

घरी चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे.

चाळकरीण:

सगळ्यांचे मनापासून आभार. टेप लावून दोन्ही संध्याकाळी फोटो काढले. ५०ला उंबरठ्यावरून मागे सरत सरत गॅलरीच्या कठड्याला लागले आणि मध्ये दाराची चौकट आली. ३५ला उंबरठ्यावरून बसलं. पोटमाळ्याच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून तर मखर आणि समोरची पहिली रांग दोन्ही येतात, हे इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं.

शनिवारी फोर्टला जाऊन तीन लेन्स टॉर्चने पाहिल्या. पहिल्या दोन्हींत कडेला धागे होते, तिसरी स्वच्छ निघाली, ती घेतली. काल रात्री आजेसासूबाई खाटेवर बसून वाती वळत होत्या. ट्यूब बंद केली, एकच पिवळा बल्ब, एफ २.२, १/१००, आयएसओ ३२००. दोन बोटांमधला कापूस पिळताना दिसतो आहे, आणि मागे भिंतीवर आजेसासऱ्यांच्या फोटोची काच चमकते आहे. त्यांना दाखवला तर म्हणाल्या, "अगं, कधी काढलास?"

तिसरी घंटा, एकच विचारायचं राहिलं. आरतीत कापूर पेटला की चौकटीत एकदम पांढरा डाग येतो आणि बाकी सगळं काळं पडतं. तेव्हा काय करायचं?

तिसरी घंटा:

त्या वेळी कॅमेऱ्यावर सोपवू नका. एम मोडमध्ये या (त्यात सगळे आकडे आपणच ठरवायचे), आयएसओ ऑटोवरून काढा, आणि आरती सुरू व्हायच्या आधी आजींच्या चेहऱ्यावर एक फोटो घेऊन जे आकडे बरोबर येतील तेच ठेवा. मग कापूर पेटला तरी कॅमेरा बाकीचं काळं करणार नाही. ज्योत पांढरी जाईल, जाऊ द्या. आणि कापूर ओवाळताना तीन फुटांपेक्षा जवळ जाऊ नका, काजळी पुढच्या काचेवर बसते.