चार फुटी टँकमध्ये लायनफिश: कुठला घेऊ आणि सोबत कोण टिकेल?

निळी_भरती:

मंडळी नमस्कार. माझा खाऱ्या पाण्याचा टँक सात महिने झाले चालू आहे, चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, म्हणजे दगड-वाळू धरून अडीचशे लिटरच्या आतच. लाईव्ह रॉक (जिवाणू वाढलेले समुद्री दगड) आहे, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) चांगल्यातला आहे, अमोनिया नायट्राइट शून्य, नायट्रेट १५ च्या आसपास राहतं. सध्या आत दोन ऑसेलारिस क्लाउन, पाच हिरवे क्रोमिस, एक फॉक्सफेस साधारण चार इंचाचा असे मासे आणि क्लीनर श्रिंप या कोळंबीची जोडी आहे.

आता खरी गोष्ट. दुकानात तीन इंचाचा व्होलिटान्स, म्हणजे विषारी काट्यांच्या लायनफिशमधली मोठी जात, बघितला आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. तो काचेजवळ येऊन पंख पसरून नुसता तरंगत होता, आणि डोळ्यांवरचे ते दोन तुरे हलत होते. दुकानदार म्हणाला लहान आहे, क्लाउनबरोबर आरामात राहील, आणि टँक मोकळा वाटत असेल तर सोबत पिकासो ट्रिगर मासापण घ्या, दोघंही दणकट. मला पटलं नाही म्हणून आधी इथे विचारतोय. व्होलिटान्स घेऊ का ड्वार्फ, म्हणजे बुटक्या जातीतला? आत्ताचे मासे वाचतील का? आणि घरात चार वर्षांची मुलगी आहे, काट्यांच्या विषाचं कितपत घाबरायचं?

प्रवाळवेडा:

आधी विचारलंस ते फार बरं केलंस. मी बारा वर्षं लायनफिश पाळतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचायला वेळ लागेल.

व्होलिटान्स तुझ्या टँकसाठी नाही. आत्ता तीन इंच दिसतोय पण तो बारा ते पंधरा इंचांपर्यंत जाणारा मासा आहे, माझा दीड वर्षात दहा इंच झाला होता. आणि नुसती लांबी धरू नकोस, दोन्ही बाजूंचे पंख पसरले की तो जेवढा लांब तेवढाच रुंद होतो, दीड फूट रुंदीच्या टँकमध्ये त्याला वळताना दगडाला पंख घासावे लागतात आणि मग ते फाटतात, फाटले की इन्फेक्शन. त्याला कमीत कमी साडेचारशे लिटर लागतात आणि खरं सांगायचं तर सहा बाय दोन बाय दोनचा टँक असला तरच तो नीट दिसतो. पुढे मोठा टँक घेईन असं प्रत्येक जण म्हणतो, मासा मात्र थांबत नाही.

तुझ्यासाठी दोन नावं. फझी ड्वार्फ, म्हणजे डेंड्रोकायरस ब्रॅकिप्टेरस, सहा-साडेसहा इंच होतो. आणि झेब्रा ड्वार्फ, डेंड्रोकायरस झेब्रा, सात इंचांपर्यंत. मी फझीच सुचवीन. तो बहुतेक वेळ दगडावर बसून असतो, पंख पंख्यासारखे उघडतो, लाल, तपकिरी, कधी पिवळट अशा रंगात मिळतो आणि त्याला फ्रोझन, म्हणजे गोठवलेलं अन्न खायला शिकवणं बाकीच्यांपेक्षा सोपं जातं. रेडिएटा ही लायनफिशचीच आणखी एक जात, दिसायला सगळ्यात देखणी आहे, शेपटीजवळच्या त्या आडव्या पांढऱ्या रेघा बघून कुणीही भुलतं, पण तो खेकडे-कोळंबीवर वाढलेला मासा, मेलेलं अन्न खायला महिनोनमहिने तयार होत नाही. फू मांचू तसाच, शिवाय लाजाळू. पहिला लायनफिश म्हणून हे दोन्ही नकोत.

आता सोबतीचं. लायनफिश भांडत नाही, त्रास देत नाही, पण तोंडात मावेल ते सगळं त्याला अन्नच वाटतं. आणि त्याचं तोंड बंद असताना दिसतं त्यावर जाऊ नकोस, उघडलं की डोक्याएवढं होतं आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढलं जातं, डोळ्याची पापणी लवायच्या आत. लोक लांबी मोजतात तिथेच चुकतात. मोजायची असते ती अंगाची जाडी. सडपातळ मासा चार इंचाचा असला तरी गिळला जातो, आणि उभट रुंद अंगाचा तीन-साडेतीन इंचाचासुद्धा वाचतो कारण तो तोंडात आडवा अडकतो.

या हिशोबाने तुझे क्रोमिस आणि श्रिंप हलव, दुसरा उपाय नाही. क्रोमिस रात्री दगडांच्या फटीत झोपतात आणि लायनफिश नेमका संधिप्रकाशात शिकारीला निघतो. सकाळी पाच, मग चार, मग तीन असं मोजत बसायची वेळ येईल आणि दोष पाण्याला जाईल. क्लाउन पूर्ण वाढलेले असतील तर लहान फझीबरोबर काही काळ चालतात, पण मी असतो तर तेही काढले असते.

फॉक्सफेस मात्र उत्तम. त्याच्या स्वतःच्याच पाठीच्या काट्यांत विष असतं, त्यामुळे त्याच्या वाटेला कुणी जात नाही. शेवाळ खाऊन राहतो, लायनफिशच्या अन्नावर डोळा नाही. फक्त तोही आठ-नऊ इंच होतो, चार फुटांत जेमतेम मावेल, हे लक्षात असू दे.

खोल_पाणी:

प्रवाळवेडा यांनी जे लिहिलंय त्याला ट्रिगरचं जोडतो कारण ही चूक माझ्या हातून झालेली आहे. माझ्याकडे फझी होता, आठ महिन्यांचा, हातातल्या काठीवरून स्क्विड घ्यायचा. मला कुणीतरी सांगितलं पिकासो शांत असतो, मी आणला. पहिले दोन आठवडे खरंच काही झालं नाही. मग एके दिवशी बघतो तर फझीच्या डाव्या पंखाच्या कडा कुरतडल्यासारख्या, मला वाटलं दगडाला घासला असेल. चार दिवसांनी पंखाच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. तो कोपऱ्यात तोंड घालून बसायचा, खाणं बंद. ट्रिगर काढला, क्वारंटाइनमध्ये म्हणजे वेगळ्या टँकमध्ये ठेवला, पंख थोडे परत आले पण मासा पहिल्यासारखा झालाच नाही, तीन महिन्यांत गेला. आजही त्या गोष्टीचं वाईट वाटतं.

लायनफिश पळत नाही, विषाच्या भरवशावर जागेवर उभा राहतो, आणि ट्रिगरला नेमकं तेच सोयीचं पडतं. पफर माशांचंही तेच, ते स्वभावाने वाईट नसतात पण झुलणारं काही दिसलं की चावून बघतात. मोठे एंजल मासेही कधी कधी टोचतात. आणि उलट्या बाजूनेही बघा, फ्रॉगफिश लायनफिशला गिळू शकतो, त्यामुळे शिकारी-शिकारी एकत्र ही कल्पनाही सांभाळून.

सागरताई:

विषाबद्दल मी लिहिते, कारण मला टोचलेलं आहे.

पाठीवर १३ काटे, खाली पोटाच्या पंखांना प्रत्येकी एक म्हणजे २, आणि शेपटीच्या अलीकडे ३, असे १८ काटे विषारी. बाजूचे जे मोठे सुंदर पंख दिसतात त्यात विष नसतं. आणि तो हल्ला करायला येत नाही, हे विष फक्त बचावासाठी आहे, शिकारीसाठी वापरत नाही. टोचतं ते आपल्याच निष्काळजीपणाने. मी काचेवरचं शेवाळ खरवडत होते, मासा समोर दिसत नव्हता म्हणून हात पुढे घातला, आणि तो दगडाच्या छपराखाली उलटा चिकटून बसला होता. हे असे उलटे बसतात, लक्षात ठेवा. मनगटाजवळ एकच काटा लागला. पहिलं मिनिटभर मधमाशी चावल्यासारखं, मग कळ कोपरापर्यंत चढत गेली, आणि हात तासाभरात सुजला.

उपाय गरम पाणी. विष प्रथिनाचं असतं आणि उष्णतेने मोडतं. साधारण ४३ ते ४५ अंशांचं पाणी, चटका बसणार नाही पण सोसेल तेवढं गरम, त्यात हात अर्धा तास ते दीड तास बुडवून ठेवायचा, गार झालं की बदलायचं. गरमपणा चांगल्या हाताने तपासायचा, कारण टोचलेल्या हाताला दुखण्यापुढे चटका कळत नाही आणि भाजून घेतलं जातं. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर ओढाताण करू नका, डॉक्टरांकडे जा. आणि श्वास लागला, छातीत दुखलं, चक्कर आली, ओठ-चेहरा सुजला तर गरम पाण्याची वाट बघत घरी बसायचं नाही, थेट हॉस्पिटल.

मुलीसाठी म्हणून सांगते, वजनदार झाकण बसवा, कडी लावा आणि टँकजवळ चढता येईल असं स्टूल ठेवू नका. माझी मुलं याच घरात मोठी झाली, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे की काचेच्या बाहेरून बघायचं. मासा आणण्याआधी जवळच्या दवाखान्याचा नंबर फ्रीजवर लावून ठेवा, मी नंतर लावला.

निळी_भरती:

सगळ्यांचे मनापासून आभार. व्होलिटान्सचा विचार सोडला, मनाला लागलं पण पटलं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हेच खरं. क्रोमिस आणि श्रिंप एका मित्राच्या रीफ (प्रवाळांच्या) टँकमध्ये जातायत, क्लाउनपण तिकडेच. मग फझी आणि फॉक्सफेस एवढेच राहतील, अजून एखादा कोण? स्नोफ्लेक ईल (वामीसारखा लांबट मासा) चालेल का? आणि खायला काय, किती वेळा? दुकानात त्याला छोटे गोल्डफिश टाकतात.

प्रवाळवेडा:

गोल्डफिश अजिबात नको. गोड्या पाण्यातल्या त्या माशांत थायमिनेज असतं, ते बी१ जीवनसत्त्व नासवतं, शिवाय चरबीही समुद्री माशाला मानवणारी नाही. मासा महिनोनमहिने ठीक दिसतो आणि मग एकदम जातो, लोकांना कारणच कळत नाही. नुसतं क्रिल (कोळंबीसारखे छोटे समुद्री जीव) रोज दिलं तरी तोच प्रकार, अन्न समोर असूनही तो तोंड उघडून पकडू शकत नाही. त्यामुळे आलटून पालटून दे, कोळंबी, स्क्विड, सिल्व्हरसाइड (छोटे चंदेरी मासे), समुद्री माशाचे तुकडे, आणि आठवड्यातून एकदा जीवनसत्त्वाच्या थेंबांत भिजवून. तुकडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. लहान असेपर्यंत एक दिवसाआड, मोठा झाला की आठवड्यातून दोन-तीनदाच. तो रोज काचेशी येऊन मागेल, आणि इतकं गोड मागतो की हात पुढे जातो, पण लायनफिश उपाशी मरण्यापेक्षा जास्त खाऊन यकृतात चरबी साठून मरतात.

सवय लावायची रीत अशी. सुरुवातीला जिवंत घोस्ट श्रिंप, आधी त्यांना एक दिवस चांगलं खायला घालून. दिवा मंद. चार-पाच दिवसांनी ॲक्रिलिकच्या काठीच्या टोकाला कोळंबीचा तुकडा लावून त्याच्यासमोरून हळू, थांबत थांबत सरकव, जिवंत श्रिंप पोहते तसं. तो आधी पंख पुढे आणून कोंडाळं करेल, मान किंचित तिरकी करून बघेल, दोन-तीनदा तोंड फिरवेल. घाई करू नकोस. न खाल्लेला तुकडा पाण्यात राहू देऊ नकोस. आणि घ्यायच्या आधी दुकानातच तुझ्यासमोर खायला घालायला लाव, खात नसेल तर कितीही आवडला तरी तो मासा तिथेच राहू दे.

स्नोफ्लेक ईल मला आवडतो, मुख्यतः खेकडे-कोळंबी खाणारा, लायनफिशला सहसा हात लावत नाही. पण दोन फुटांच्या वर वाढतो, वासाने बेभान होऊन दुसऱ्याचा घास ओढतो आणि झाकणात बोटभर फट मिळाली की बाहेर जमिनीवर सापडतो. तुझ्या टँकमध्ये तीन तीन घाण करणारे नकोत. त्यापेक्षा एक सोल्जरफिश घे, लाल, मोठ्या डोळ्यांचा, दिवसा कपारीत असतो. जाड अंगाचा, चार इंचाच्या वरचाच आण.

अजून एक, महिन्या-दोन महिन्यांनी तो अचानक थरथरेल, जांभई देईल आणि अंगावरून पातळ पापुद्रा निघून पाण्यात तरंगेल. रोग समजून औषध ओतू नकोस, तो कात टाकतो, त्याबरोबर अंगावरचं शेवाळ आणि परजीवी जातात.

खोल_पाणी:

आणि कधी ठेवणं जमेनासं झालं तर परत दुकानात किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याकडेच द्या, समुद्रात कधीच सोडू नका. अटलांटिकमध्ये लायनफिश मुळात नव्हते. १९८५ साली फ्लोरिडाजवळ पहिला सापडला, बहुधा पाळलेलेच कुणीतरी सोडलेले, आणि आज पूर्ण कॅरिबियनभर पसरलेत. एक मादी वर्षाला वीस लाखांपर्यंत अंडी घालते, तिथल्या लहान माशांना हा शिकारी आहे हेच ओळखता येत नाही, शेजारी येऊन थांबतात आणि जातात.

निळी_भरती:

तीन आठवड्यांनी लिहितोय. तांबूस रंगाचा फझी मिळाला, अडीच इंचाचा, दुकानात माझ्यासमोर श्रिंप खाल्ली तेव्हाच घेतला. सध्या क्वारंटाइनमध्ये आहे. झाकणाला कडी लावली, स्टूल आतल्या खोलीत गेलं, नंबर फ्रीजवर आहे. पहिले पाच दिवस काठीकडे पाठ करून बसायचा, जीव खालीवर झाला होता. काल संध्याकाळी मुलगी काचेपासून हातभर लांब उभी राहून बघत होती, मी स्क्विडचा तुकडा सरकवला, त्याने पंख पुढे आणले, मान तिरकी केली, आणि तुकडा काठीवर नव्हताच. मुलगी म्हणाली, "बाबा, त्याने कधी खाल्लं?"